तुळईला बांधलेलं दावं

बायको गेली त्या दिवशीसुद्धा मी संध्याकाळची धार काढली. भावकीनं नावं ठेवली. ठेवू देत. घरात कोण मेलं ते म्हशीला कळत नाही, कास तटली की ती ओरडतेच. हाताला पन्नास वर्षांची सवय, हात चालत राहिले. बादली भरल्यावर मात्र मला कळेना, की हे दूध आता घरात नेऊन कुणाच्या हातात द्यायचं. बादली धरून तसाच उंबऱ्यावर उभा राहिलो होतो, एवढं आठवतंय.

ती जायच्या आधी पंधरा दिवस आमच्या पोरीचा फोन आला होता. एकुलती एक पोर. लग्नाला सात वर्षं झालेली, देव झाले, डॉक्टर झाले, आणि आता कुठं दिवस राहिले होते. बायको अंथरुणाला खिळलेली. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली,

"एक ध्यानात ठेवा. पोरीचं पयलं बाळंतपण माहेरात. मी असो नसो, तिला आणायची."

"तू कुठं निघालीस?"

"निघालोय की. दिसंना व्हय तुमास्नी?"

बोलली तसं केलं तिनं. जन्मभर तसंच करत आली.

पोरीला सातवा लागला तसा मी हातकणंगल्याला व्याह्यांच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले. मग विहीणबाई म्हणाल्या, "पावणं, राग मानू नका. पर बाईमाणूस नसलेल्या घरात सून कशी धाडायची? तिची कंबर कोण शेकणार, तुमी?"

आता आमच्या कोडोलीच्या बाजूला कुणाची म्हैस अडली की लोक जनावरांच्या डॉक्टरच्या आधी मला बोलवतात. मी तेच बोललो. "किती म्हशी मोकळ्या केल्यात ह्या हातानं, मोजदाद न्हाई."

"आमची सून म्हस न्हाई," विहीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतून पोरगीच पिशवी भरून बाहेर आली. म्हणाली, "आईनं सांगितलंय. मी जाणार." विहीणबाईंनी ओटी भरली, दारापर्यंत आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "सात वर्सानं पाळणा हलतोय. काय कमीजास्त झालं तर तुमच्यावर."

ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि रोज रात्री उशाला घेऊन झोपलो.

आमचं घर मळ्यात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट, दोन्ही अंगाला ऊस. दर आठवड्याला आरोग्य केंद्राच्या आशाताई येऊन पोरीचं वजन, रक्तदाब बघून जायच्या. माझ्या बटणाच्या फोनात त्यांनी स्वतःचा नंबर घालून दिला होता. एक दाबून धरलं की त्यांनाच लागायचा. दवाखान्यात नाव घातलेलं, तारीख अजून पंधरा दिवसांवर. सगळं नीट होतं. पुढं जे झालं ते माझ्या शहाणपणानं झालं.

माघातली सकाळ होती. पोरगी चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हणाली, "आबा, पहाटंपासनं कंबर धरलीया."

मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हैस बघतो तसं. म्हटलं, "व्यायला आल्यालं जनावर वैरणीला तोंड लावत न्हाई. ऊठबस करतंय, पाय झाडतंय. तू तर दोन भाकरी हाणल्यास. अजून आठ दिवस काय होत न्हाई."

"मी जनावर हाय व्हय?"

"एकच असतंय सगळं."

ती हसली आणि तिचा विश्वास बसला. सगळा गाव विश्वास ठेवतो, तिनं का ठेवू नये? तिची आई असती तर कंबर धरलीया म्हटल्याबरोबर तवा उतरवून तिनं आधी गाडी बोलावली असती. मी विळा घेऊन वैरणीला गेलो.

दहाच्या सुमाराला हाक आली. "आबा!" एकदाच. वैरण तिथंच टाकून पळालो. पोरगी माजघरात खांबाला धरून वाकून उभी, पायाखाली जमीन ओली.

"पाणमोट फुटली," मी म्हणालो. अशा वेळी माणूस दिसतंय तेच बोलतो.

"ठावं हाय. फोन लावा."

एक दाबून धरलं. आशाताई म्हणाल्या, "गाडी घिऊनच येतो. घाबरू नका." मी शेजारच्या वस्तीकडं तोंड करून बोंबललो. बायका सगळ्या लांबच्या रानात भांगलणीला, तण काढायला गेलेल्या. माझ्या हाकेला एक कुत्रं आलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. आशाताई धापा टाकत होत्या. "काका, वळणावर उसाची ट्रॉली उलाटलीया. आख्ख्या रस्त्यावर मोळ्या. गाडी अडाकली. मी उतरून उसातनं चालत निघालोय. तिला जोर लावू दिऊ नका!"

मी आत बघून म्हणालो, "जोर लावू नको म्हणत्यात."

पोरीनं खांब सोडला नाही. दातओठ खात म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, या हितं, आन थांबवून दावा."

मग कळ ओसरली आणि ती सरळ झाली. कपाळावरचा घाम पुसला. चेहरा असा झाला की मी बघतच राहिलो. पाहुणे यायचे असले की तिच्या आईचा व्हायचा, तसा. हुकूम सोडायला लागली.

"चुलीवरचं गरम पाणी आन साबण आणा. ट्रंकंतनं आईची धुतलेली लुगडी आणा, मऊ बघून. आन गोठ्यातनं नवं दावं आणा."

बायको गेल्यापासून मी ती ट्रंक उघडली नव्हती. उघडली. वास आला. हाताला लागली ती दोन लुगडी ओढून घेतली आणि झाकण टाकलं. त्याच्यावर विचार करायला वेळ नव्हता, ते एक बरं झालं. गोठ्यातून कोरं दावं आणलं.

"दावं कशाला?"

"तुळईला बांधा. मला धरायला. आईनं धरलतं."

"कवा?"

"मी झालो तवा."

दावं हातात धरून मी थांबलो.

ती जन्मली त्या दिवशी मी घरात नव्हतो. पलीकडच्या गावात एकाची म्हैस अडली होती, सायकल काढून तिकडं गेलतो. रेडकाचा पाय आत मागं मुडपलेला. कोपरापर्यंत हात घालून झगडलो, दोन्ही जीव वाचवले. त्यांनी मला नारळ दिला, टोपी दिली. तिन्हीसांजेला टोपी घालून घरी आलो, तर बायको भिंतीला टेकून बसलेली आणि मांडीवर ही. मी दारातच थिजलो. बायको म्हणाली, "सुटली का म्हस?" मी आपला सांगत बसलो, पाय कसा मुडपला होता, मी कसा सरळ केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं कसं झालं, एकटीनं कसं केलं, हे मी विचारलं नाही. बायकांचं बायकांना, असं समजायचो. पुढं तीस वर्षं भांडण झालं की तिचा टोमणा ठरलेला: "जावा, लोकांच्या म्हशी सोडवाय जावा तुमी." मी हसण्यावारी न्यायचो.

म्हणजे बायकोनं तुळईला दावं बांधलं होतं. त्याच तुळईला. आणि मी तिच्याखाली तीस वर्षं जेवलो.

"आबा, बांधा की!"

म्हशीला मारतो ती गाठ मारली. पोरीनं दोन्ही हातांनी धरून हिसका दिला, अंगाचा भार टाकून बघितला. मग कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा. खाली पोतं टाकलं, त्यावर लुगडं अंथरलं.

"आता भाईर व्हा. दाराशी पाठ करून हुबं ऱ्हावा. लांब जाऊ नका."

मी उंबऱ्याबाहेर चौकटीला धरून उभा राहिलो, तोंड अंगणाकडं. समोर गोठ्यात म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत होती. तिच्याजवळ असतो तर मला सगळं येत होतं. इथं माझी लेक होती आणि बापानं बघायचं नसतं.

पाठीमागं दावं करकरलं. पोरगी बोलायला लागली. माझ्याशी का स्वतःशी, कळत नव्हतं.

"आई म्हणाली हुती, आडवं पडायचं न्हाई. उकिडवं बसायचं. कळ आली की दाव्याला लोंबकळायचं आन शिव्या घालायच्या."

"कुणाला?"

"तुमास्नी."

"घाल की मग."

घातल्या. पुढच्या कळेला तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या. मी इथं लिहू शकत नाही. एवढ्या शिव्या तिला येतात हेच मला ठाऊक नव्हतं. पण ती शिव्या देत होती तोवर माझा जीव थाऱ्यावर होता.

दावं करकरायचं, थांबायचं. करकरायचं, थांबायचं. उसातून आशाताई येतायत का म्हणून मी कान लावत होतो. पाचट वाजलं की वाटायचं आल्या. वारा असायचा.

"आबा."

"काय?"

"हाताला डोकं लागतंय."

"केस लागत्यात?"

"व्हय." आणि एवढ्यातसुद्धा ती हसल्यासारखं काहीतरी बोलली. "लई केस हायत वो."

माझे डोळे भरले. म्हशीनं कान हलवले.

"आई म्हणाली हुती, आता जोर सोडायचा. कुत्र्यागत धापा टाकायच्या. न्हाईतर फाटतंय. एक हात दाव्याला, एक हात खाली. डोक्यावर हात ठेवून त्येला हळू यू द्यायचं." मग ती धापा टाकायला लागली. लहान लहान, भराभर. ती धाप ऐकता ऐकता मला बायको दिसायला लागली. एक हात दाव्याला, एक हात खाली. घरात कुणी नाही. दाराशी पाठ करून उभं राहायलासुद्धा कुणी नाही.

पोरीनं एक आवाज काढला, तो शब्दात येत नाही. मग म्हणाली, "डोकं आलं."

"शाबास!"

आणि मग काहीच नाही. धाप थांबली. दावं थांबलं.

"पोरी?"

"आबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मी मागं वळता वळता थांबलो. "गळ्यात हाय."

"काय गळ्यात?"

"नाळ. गळ्याभोवती हाय. आईनं ह्ये न्हाई सांगितलं."

मी चौकट घट्ट धरली. सात वर्सानं पाळणा हलतोय. तुमच्यावर. एवढ्या म्हशी सोडवल्या, पण रेडकाच्या गळ्यात नाळ कधी बघितली नव्हती. मला काही येत नव्हतं. तोंडातून मात्र शब्द आले, ते कुठून आले देव जाणे.

"ओढू नको."

"न्हाई वडत."

"ऐक. रातचं दावं म्हशीच्या गळ्यात गुतायचं, तू ल्हान हुतीस, तू काढायचीस. आठवतंय?"

"व्हय."

"कसं काढायचीस?"

"वडायचं न्हाई. सैल बाजू बघायची. बोट घालायचं."

"बघ सैल हाय का. घाल बोट."

समोरच्या म्हशीच्या गळ्यातलं दावं दिसत होतं. त्याच्याकडंच बघत राहिलो.

"जातंय," ती म्हणाली. "एक बोट जातंय. निसरडं हाय, पर जातंय."

"मग शिंगावरनं काढायचीस तसं डोक्यावरनं आण. दमानं. ताणू नको."

"कळ यायलीया, आबा."

"यू दे. तू धाप टाक. हात थांबवू नको."

धाप. धाप. धाप. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी बायकोचं नाव घेतलं. जन्मात कधी तिला नावानं हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली.

"निघाली!" पोरगी ओरडली. "निघाली, आबा, निघाली!" आणि पाठोपाठ दावं असं जोरात करकरलं की चौकटीवरची माती माझ्या मानेवर पडली. एक ओला, घसरल्यासारखा आवाज झाला. तो आवाज मला ठाऊक आहे. तो सगळ्यांचा एकच असतो.

मग पुन्हा शांतता. रडं नाही.

"आबा, रडंना."

मग मात्र मी वळलो. बापानं बघायचं नसतं, तर नसू दे. पोरगी पोत्यावर बसलेली, खांबाला टेकून, आणि छातीशी धरलेलं निळसर, चिकट, एवढंसं. तिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढून वर घेतलं होतं. मी पुढं झालो आणि दोन्ही हात पसरले. रेडकू श्वास घेईना तर आम्ही मागचे पाय धरून उलटं लोंबकळवतो. माझे हात तेच करायला निघाले होते, खोटं कशाला बोलू.

"हात लावू नका!" पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मी जागीच उभा राहिलो. "त्ये रेडकू न्हाई. लुगडं द्या."

मी लुगडं दिलं. तिनं बाळाचं तोंड, नाक पुसलं. पोटावर पालथं घेऊन पाठ चोळायला लागली, खालून वर, खालून वर, आईच्या लुगड्यानं. तळपायाला टिचक्या मारल्या. "ये की गं. ये की. कुणाची वाट बघतीस?" मी गुडघ्यावर बसलो. काय करावं कळत नव्हतं, म्हणून नुसता बसलो.

बाळ शिंकलं. आधी शिंकलं. मग तोंड वाकडं केलं, आणि मग घर डोक्यावर घेतलं. निळं होतं ते लाल होत गेलं.

पोरगी होती.

मी विळा शोधायला उठलो, नाळ कापायला. "बसा खाली," लेक म्हणाली. "त्यो वैरणीचा इळा हाय. आशाताई कापतील." मी बसलो. त्यानंतर एकच गोष्ट मी बरोबर सांगितली: "वार आपसूक पडंल. तिलाबी वडायचं न्हाई." ती म्हणाली, "ठावं हाय." म्हणजे तेही तिला ठाऊक होतं.

आशाताई आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. दारात उभ्या राहून त्यांनी आधी बाळाकडं बघितलं, मग तुळईच्या दाव्याकडं, मग माझ्याकडं.

"कुणी केलं, काका? तुमी?"

"म्या काय केलं न्हाई," मी म्हणालो. "म्या पाठ करून हुबा हुतो."

त्यांनी नाळेला चाप लावला, कापली. वार पडली. ट्रॉली बाजूला ओढून गाडी यायला दुपार झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं, एक टाका घातला, म्हणाल्या दोघी चांगल्या आहेत. मी हातकणंगल्याला फोन लावला. विहीणबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सून आमची वाघीण हाय." माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. बोलायला नव्हतंच काही.

जावई आणि ती माणसं यायला रात्र होणार होती. ऊन कलायला लागलं. खोलीत आम्ही तिघंच. बाळ झोपलं होतं. पोरगी छताकडं बघत पडलेली. माझ्या तोंडात यायला लागलं होतं, सकाळी मी आठ दिवस म्हणालो ते कसं चुकलं, म्हशीत आणि बाईत काय फरक. तोंड उघडलं आणि मिटलं. मग तीस वर्षांत विचारलं नाही ते विचारलं.

"आई आणखी काय म्हणाली हुती? त्या दिवसाचं?"

ती छताकडं बघतच म्हणाली,

"म्हणाली, मी झालो तवा ती रडली न्हाई. दावं धरल्यालं तवाबी न्हाई. अंगणात तुमची सायकल वाजली तवा तिला रडू आलतं. वाटलं, आता ह्यो माणूस आत यील, आन मी मोकळं रडीन. तर तुमी टोपी घालून दारात नुसतं हुबं. मग काय तरी बोलायचं म्हणून तिनं म्हशीचं इचारलं. आन तुमी रेडकाच्या पायापासनं सुरू केलासा." ती थांबली. "मग त्ये रडायचं ऱ्हायलंच, म्हणाली."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. पोरीनं माझ्याकडं बघितलं, आणि मग ती रडायला लागली. आवाज करून, लहानपणी रडायची तशी. बाळ दचकलं, पुन्हा झोपलं. नर्स डोकावून गेली. मी पोरीचा हात धरला. दाव्यानं तळहात सोलून निघाला होता. मी काही बोललो नाही. एक शब्द नाही. ती रडत होती तोवर बसून राहिलो, आणि मग मीही रडलो.

खिडकीतलं ऊन गेलं. धारेची वेळ झाली होती. घरी म्हैस ओरडत असणार, कास तटली असणार, हे मला ठाऊक होतं.

ओरडू दे म्हटलं.